कल्पित भूमीचे आरेखन : पाणी, अंतर आणि अक्षर



अद्भुतकथेचा नकाशा पुष्कळदा कथेच्या आधी जन्माला येतो. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ मध्ये स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे एका बेटाचा नकाशा रंगवला आणि ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी त्यातून उगवली, पुढे जे. आर. आर. टोल्किन यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना पात्रांचे प्रवास नकाशावरील अंतरांशी आणि चंद्राच्या कलांशी ताडून पाहिले, तर प्रकाशनासाठीचा नकाशा त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी रेखाटला. आज वंडरड्राफ्ट, इंकार्नेट, कॅम्पेन कार्टोग्राफर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये डोंगर, झाडे व किल्ले यांचे तयार शिक्के मिळतात आणि देखणा नकाशा एका दिवसात उभा राहतो. या सुलभतेबरोबर एक दोषही आला, तो असा की शिक्के आधी उमटतात आणि भूगोल मागाहून शोधला जातो. प्रस्तुत प्रतिपादन उलट क्रमाचे आहे : आधी पाणी, मग अंतर आणि शेवटी अक्षर.

जमिनीचा उंचसखलपणा बहुतेक सॉफ्टवेअर ‘नॉइज’ या गणिती रीतीने घडवते. केन पर्लिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली या प्रकारची रीत शेजारच्या बिंदूंना यादृच्छिक, तरीही एकमेकांशी मिळतेजुळते आकडे देते, म्हणून टेकड्या नैसर्गिक भासतात. परंतु या आकड्यांना पाण्याच्या वाहण्याची कल्पना नसते, त्यामुळे दऱ्या एकमेकींना मिळत नाहीत आणि जागोजाग निचरा नसलेले खड्डे राहतात. यावर उपाय म्हणजे ‘इरोजन’, अर्थात पावसाने होणारी झीज संगणकावर घडवून आणणे, आणि ती सोय नसेल तर डोंगररांगा ठरताच जलविभाजक, म्हणजे दोन खोऱ्यांचे पाणी वेगळे करणारी रेषा, हाताने आखून घेणे. नद्या उताराकडे वाहतात, वाटेत एकमेकींना मिळतात आणि त्रिभुजप्रदेशासारखे अपवाद सोडल्यास क्वचितच फाटतात. सरोवरातून बाहेर पडणारा प्रवाहही सामान्यतः एकच असतो. जलविभाजक भूमीच्या मध्यावरच असतो, हा समज मात्र सोडावा लागतो. कृष्णा महाबळेश्वराला, अरबी समुद्रापासून अवघ्या ६५ किलोमीटरांच्या आसपास उगम पावते आणि तरीही सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडत असताना पूर्वेकडचा माण-खटावचा मुलूख पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात, येतो. कल्पित भूमीवर वारा कोणत्या दिशेने येतो एवढे एकदा ठरवले, की अरण्य कुठे आणि माळरान कुठे, याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

अंतराचा प्रश्न प्रमाणपट्टीशी निगडित आहे. सपाट वाटेवर पायी चालणारा मनुष्य दिवसाला साधारण २५ ते ३० किलोमीटर जातो, हे धरून दोन नगरांमधील मजला मोजल्या, तर कथेतील दूत अशक्य वेगाने पोहोचत नाही आणि धर्मशाळा, नदीचे उतार व घाटनाके कुठे हवेत, हेही कळते. नकाशा संपूर्ण ग्रहाचा असेल तर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, आधीच निवडावी लागते. मर्केटरच्या १५६९ मधील प्रक्षेपणात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

आरेखनाची शिस्त थरांनी येते. जमीन, पाणी, वनस्पती, वाटा, सीमा आणि नावे यांना स्वतंत्र थर, म्हणजे ‘लेअर’, दिला की एखादे राज्य बुडाले तरी नद्या पुन्हा काढाव्या लागत नाहीत. रास्टर चित्र ठिपक्यांचे असते आणि मोठे केल्यास फुटते, व्हेक्टर चित्र रेषांच्या गणिताने साठवलेले असल्याने फुटत नाही. म्हणून पोत व छटा रास्टरमध्ये, तर सीमा आणि अक्षरे इंकस्केपसारख्या व्हेक्टर साधनात ठेवणे हिताचे ठरते. छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके हे प्रचलित मान धरल्यास ३० सेंटिमीटर रुंदीच्या नकाशाला साडेतीन हजारांहून अधिक ठिपक्यांची रुंदी लागते, आणि तो हिशेब कामाच्या आरंभीच करावा लागतो.

मराठी नकाशाकाराची खरी कसोटी अक्षरांपाशी लागते. रोमन लिपीत प्रदेशाचे नाव अक्षरे दूर दूर मांडून पसरवण्याची रूढी आहे. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते, आणि वक्र रेषेवर नाव बसवताना काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या, रफार व जोडाक्षरे विस्कटतात. त्यामुळे प्रदेशाचा विस्तार अक्षरांच्या आकाराने आणि फिकट रंगाने दाखवावा, नदीचे नाव हलक्या वळणावर शब्द न तोडता ठेवावे आणि प्रत्येक नावाभोवती पार्श्वभूमीच्या रंगाची बारीक कड द्यावी. नावे घडवतानाही लिपीमागची भाषा उपयोगी पडते : फारसीतून आलेले ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ हे शब्द एकाच नावाच्या थोरल्या व धाकट्या गावांचा भेद सांगतात, आणि अशी एक जोडी नकाशावर दिसली की वस्तीच्या वाढीचा इतिहास वाचकापुढे न सांगता उभा राहतो.

अखेरीस लेखन, चित्रकला व संगणकीय आरेखन या क्षेत्रांतून या संमेलनाला आलेल्या प्रतिनिधींना एक विनंती आहे. वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ‘निर्झरक्षेत्र’ हे वेलांटी, रफार व जोडाक्षर असलेले एक नाव वक्र रेषेवर लिहून पाहावे, ते जिथे मोडेल तिथला दोष चित्रासह निर्मात्यांना कळवावा, आणि तो दूर होईपर्यंत मराठी नावे हाताने लिहावीत. रोमन लिपीत लिहू नयेत.