दोराचा ताण आणि लाकडाचा भार



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी मंडप उभा राहतो, पोलादी तणावे ताणले जातात आणि त्याखाली मुलेबाळे व वृद्ध माणसे निर्धास्त बसतात. ही निर्धास्तता सार्थ ठरावी एवढ्याचसाठी मी आज, दोर ज्यावर टेकतो त्या लाकडाविषयी चार शब्द बोलणार आहे. दोर तुटेल काय, असे सर्वजण विचारतात. तो लाकडात रुतेल काय, असे क्वचितच कोणी विचारतो.

ताणलेला दोर सरळ आहे तोवर वाटेतील लाकडास तो दाबीत नाही. जेथे वळतो तेथेच दाबतो. आपल्या करवीर प्रांतातील वडीलधाऱ्यांस मोट आठवत असेल. नाडा विहिरीतून वर येई, चाकावरून वळे आणि धावेवरून उतरणाऱ्या बैलांकडे जाई. त्या वेळी चाकाच्या कण्यावर केवळ मोटेचे वजन नसे; बैलांची ओढही त्यात मिळे. मंडपाचा न्याय तोच आहे. दोरात ५०० किलोंचा ताण असून तो वाशावरून ६० अंशांनी वळला, तर वाशावर ५०० किलो भार येतो. काटकोनात वळला, तर सुमारे ७०७ किलो. आणि उलट फिरून परत गेला, तर १००० किलो.

खांबाचेही तसेच. वाऱ्याची आडवी ओढ ३५० किलो धरू. तणावा जमिनीशी ४५ अंशांत असेल, तर त्यात सुमारे ५०० किलोंचा ताण येतो. जागा वाचविण्यासाठी मेख खांबाजवळ ठोकून तो ६० अंशांवर नेला, तर ताण ७०० किलो होतो आणि खांब सुमारे ६०० किलोंनी खाली दाबला जातो.

परंतु भार किती, याइतकेच तो किती जागेवर पडतो हेही पाहिले पाहिजे. वासा गोल, १० सेंटिमीटर व्यासाचा आणि दोर १२ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ताणास वाशाच्या त्रिज्येने व दोराच्या जाडीने भागावे. ५०० किलोंस ५ आणि १.२ सेंटिमीटरनी भागता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८३ किलो दाब येतो. प्रत्यक्षात गोल दोर याहूनही अरुंद पट्टीवर टेकतो. चौकोनी तुळई असेल, तर सारा भार तिच्या कडेवर एकवटतो. लाकूड तंतूंच्या दिशेने जेवढे सोसते, त्याच्या निम्म्याहूनही कमी आडवे सोसते. पावसात भिजले म्हणजे आणखी मऊ पडते. असा दाब सागवानासही दीर्घकाळ सोसणे कठीण, मग हलक्या लाकडाची गोष्टच नको. तंतू चेपले की दोर सैल पडतो. मनुष्य पुन्हा पीळ देतो आणि दोर अधिकच खोल जातो.

उपाय अल्प खर्चाचा आहे. दोराखाली १० सेंटिमीटर रुंदीची, वाशाच्या गोलाईस बसती केलेली जाड लोखंडी पट्टी घालावी. तोच दाब सुमारे १० किलोंवर येतो. गोणपाटाची घडी हे काम करीत नाही, कारण ती स्वतःच दबते. पट्टी घातल्यावरही प्रत्येक सरीनंतर तणावे पाहावेत, आणि दोर रुतलेला दिसल्यास पीळ न देता आधी ताण उतरवावा.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कष्टकरी संत योसेफ यांचा सण म्हणून नेमून दिला. नाझरेथच्या त्या सुताराने लाकडाचा स्वभाव हातांनी ओळखला असेल. आपल्या मंडपाखाली बसणाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून आपण त्यांची मध्यस्थी मागतो. तशीच तणावे बांधणाऱ्या हातांना सावधगिरीही लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.