काळजी करणे आणि काळजी घेणे

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला 'गृहसौख्य व चिंतामुक्ती' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी तत्त्वज्ञ नव्हे, वैद्य नव्हे, कीर्तनकारही नव्हे. माझी सारी हयात प्राथमिक शाळेच्या वर्गात मुलांना शब्द, त्यांचे अर्थ आणि त्यांचा वाक्यात उपयोग शिकविण्यात गेली. म्हणून आजच्या विषयाकडेही मी एका शब्दाच्या वाटेनेच जाणार आहे. तो शब्द म्हणजे 'काळजी'.

आपल्या मराठीत हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. मूल तापाने फणफणले असता घरातील एक माणूस रात्रभर येरझारा घालतो. ही काळजी करणे झाले. दुसरे माणूस मुलाच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवते, वेळेवर औषध पाजते आणि सकाळ होताच डॉक्टरांकडे नेते. ही काळजी घेणे झाले. दोघांचेही प्रेम सारखेच आहे. परंतु येरझारांनी ताप तसूभरही उतरत नाही, उलट येरझारा घालणारा दुसऱ्या दिवशी स्वतःच अंथरूण धरतो.

'चिंता सोडा' असा उपदेश कोणी केला की संसारी माणसाला राग येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. त्याला वाटते, हे गृहस्थ मला जबाबदारी सोडावयास सांगत आहेत. माझे सांगणे तसे नाही. मनात आलेली प्रत्येक काळजी हाती घेऊन पाहावी. ती करण्याऐवजी घेता येण्यासारखी असेल तर आजच घ्यावी. घेता येण्यासारखी नसेल तर तिला नमस्कार करून निरोप द्यावा. यासाठी घरातील काळज्यांचे तीन वर्ग पाडता येतील, असे मला वाटते.

पहिला वर्ग कामाच्या काळज्यांचा. यांच्यामागे एखादे न केलेले काम दडलेले असते. 'माझ्या मागे मुलांत घरावरून तंटा तर होणार नाही ना?' ही काळजी आपल्यापैकी पुष्कळ वडीलधाऱ्यांना रात्री जागविते. पण मृत्युपत्र करण्याचा विषय काढला की 'आताच कशाला ती अशुभ गोष्ट' असे म्हणून आपण तो टाळतो. वास्तविक १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिता येते. त्यावर आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही. ज्यांना मिळकत द्यावयाची त्यांना साक्षीदार न करणे बरे. एक दुपार खर्ची घातली तर दहा वर्षांची झोप परत मिळते. बँकेच्या व टपालाच्या खात्यांवर वारसाचे नाव लावणे, विम्याची कागदपत्रे कोठे ठेवली आहेत ते पत्नीला सांगून ठेवणे, रक्तदाब व साखर यांची वेळच्या वेळी तपासणी करणे, ही सारी याच वर्गातील कामे होत. अशा कामांची एक यादी करून ती स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर लिहावी आणि रोज एक ओळ खोडावी. जी काळजी कागदावर उतरते ती उशाशी येत नाही.

दुसरा वर्ग दैवाधीन काळज्यांचा. पाऊस पडेल की नाही, परगावी गेलेला मुलगा सुखरूप पोहोचेल की नाही, म्हाताऱ्या आईचे किती दिवस उरले आहेत, यांची उत्तरे कोणाही माणसाच्या हाती नाहीत. येथे करण्यासारखे काही उरत नाही, आणि म्हणूनच येथे मन अधिक पोखरले जाते. पण या बाबतीत आपल्या आजी-पणज्या आपल्याहून शहाण्या होत्या. पहाटे जात्यावर बसून त्या ओव्या म्हणत. सासरचा जाच, दूर असलेला भाऊ, गेलेले लेकरू, हे सारे त्या ओवीत घालीत आणि दळणाबरोबर मन मोकळे करीत. सानेगुरुजींनी अशा ओव्या जमवून 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद केली. एवढ्या बायांनी एवढ्या ओव्या केवळ करमणुकीसाठी रचल्या नाहीत. दुःख बोलून दाखविले म्हणजे सोसवते, हे त्यांना ठाऊक होते.

आज जाती गेली आणि ओवीही गेली. चक्कीवरून पीठ येते, ते चांगलेच झाले. बायकांचे हात मोकळे झाले. परंतु मन मोकळे करण्याची जागा मात्र आपण दुसरी निर्माण केली नाही. पुरुषांची स्थिती तर त्याहून कठीण आहे. 'मला भीती वाटते' हे वाक्य घरातील कर्त्या पुरुषाच्या तोंडून निघणे म्हणजे त्याला कमीपणा वाटतो. मी आपणांस विनंती करतो की, दिवसातून एकदा घरातील एका तरी माणसाजवळ मनातील गोष्ट बोला. ज्याची देवावर श्रद्धा असेल त्याने देवाजवळ बोलावे, पण माणसाजवळही बोलावे. आणि झोप उडाली, अन्न गोड लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो मनाचा आजार समजावा आणि डॉक्टरांकडे जावे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर आपल्या भाषेत बोलून सल्ला घेता येतो. डोळ्यांना चष्मा लावण्यात जशी लाज नाही तशी यातही नाही.

आता तिसऱ्या वर्गाकडे वळतो. हा वर्ग सर्वांत मोठा असून आपण त्याला सर्वांत कमी ओळखतो. या काळज्या 'लोक काय म्हणतील' या एका वाक्यातून जन्म घेतात. आणि सभ्यहो, हे 'लोक' म्हणजे कोण? रस्त्यावरून जाणारा अनोळखी मनुष्य नव्हे. ते लोक म्हणजे आपले सोयरेधायरे, आपले ज्ञातिबांधव, म्हणजेच या सभागृहात बसलेले आपण सर्व जण. स्पष्ट बोलतो याची क्षमा असावी. परंतु आपल्या घरांतील निम्मी काळजी एकमेकांच्या धाकाने आलेली आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

लग्नाचेच उदाहरण घ्या. शिक्षकाची सवय म्हणून एक साधे गणित मांडतो. मुलीच्या लग्नासाठी एखाद्या गृहस्थाने ५ लाख रुपये दरसाल दरशेकडा १२ व्याजाने ५ वर्षांच्या मुदतीने काढले, तर त्याला दरमहा सुमारे ११,१०० रुपये हप्ता पडतो आणि मुदतीअखेर त्याने सुमारे ६ लाख ६७ हजार रुपये फेडलेले असतात. मांडव एक दिवसाचा, हप्ते ६० महिन्यांचे. त्या ६० महिन्यांत घरातील दूध कमी होते, धाकट्याची शिकवणी बंद होते, नवराबायकोत कुरबुरी सुरू होतात. आणि ज्यांच्यासाठी पंचपक्वान्ने केली ते जेवणारे, आठ दिवसांत विसरून गेलेले असतात. हुंडा घेणे व देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. पण 'आमचे काही मागणे नाही, तुमच्या इभ्रतीला शोभेल असे करा' हे वाक्य कोणत्या कायद्यात धरावयाचे?

सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. ती वाचून आपण सर्वांनी डोळे पुसले आहेत. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता, देवाधर्माला तोटा नव्हता. तरीही सावकाराचा माणूस दारात येऊन बसला तेव्हा त्या माउलीचे काळीज फाटले. कर्जाची काळजी नामस्मरणाने जात नाही. ती कर्ज न काढण्याने जाते. म्हणून गृहसौख्यावर बोलताना खर्चावर न बोलणे हे मला अपुरे वाटते.

दुसरे उदाहरण मुलांच्या गुणांचे. प्रगतिपुस्तक हाती पडताच पुष्कळ पालक आधी विचारतात, 'शेजारच्याला किती पडले?' स्वतःच्या मुलाला किती समजले, हे विचारणारे विरळा. ६२ गुण मिळविणारे मूल शेजारच्याचे ९० ऐकेपर्यंत आनंदात असते. ऐकल्याबरोबर ते नापास होते. आपली संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, ती चांगली प्रथा आहे आणि ती चालू राहावी. पण ज्यांचे नाव त्या यादीत येत नाही त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणे होत असेल, याचाही विचार आपण केला पाहिजे.

लोकांच्या बोलण्याला न भिणारी माणसेही या महाराष्ट्रात होऊन गेली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड या त्यांच्या गावच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. जातीने दार लावून घेतले तरी या मनुष्याने कोणाशी भांडण मांडले नाही. १८९६ साली विधवांसाठी संस्था काढली, पुढे हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारली, आणि १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली वयाच्या १०४ थ्या वर्षी ते निवर्तले. त्या गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, यांनी 'माझे पुराण' या आत्मचरित्रात संसाराची दुसरी बाजू लिहून ठेवली आहे. ती वाचली म्हणजे पतीच्या निश्चिंतीमागे पत्नीची केवढी ओढाताण होती ते कळते. दोन्ही गोष्टी आपण ध्यानी घ्याव्यात. लोक जे म्हणतात ते कायमचे नसते, ही एक. आणि घरातील एकाची चिंतामुक्ती दुसऱ्याच्या डोक्यावर लादलेली नसावी, ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. 'आमच्या घरात फार सुख आहे' असे जो गृहस्थ सांगतो, त्याने सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीला ते विचारून पाहावे. सर्वांची पाने आटोपल्यावर जी गार पोळी खाते, सकाळी सर्वांच्या आधी उठते, जिच्या औषधाची आठवण कोणालाही राहत नाही, तिच्या श्रमांवर उभे असलेले सुख हे घराचे सुख नव्हे. तिच्यासाठी एक पान वेळेवर मांडणे, भांडी विसळणे, मुलांचा अभ्यास घेणे, याने पुरुषाची प्रतिष्ठा जात नाही. काळजी घेण्याचे काम वाटून घेतले की काळजी करण्याचे काम आपोआप कमी होते.

आता दररोजच्या सुखाविषयी थोडेसे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली २६८ विद्यार्थ्यांच्या आयुष्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे बॉस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील मुलांच्या आयुष्याचाही त्यात समावेश झाला. ही माणसे म्हातारी होईपर्यंत त्यांची प्रकृती, नोकरी, संसार यांची नोंद होत राहिली. त्यातून निघालेला मुख्य निष्कर्ष असा की, उतारवयात प्रकृती व समाधान टिकण्यास पैसा किंवा कीर्ती यांपेक्षा जिव्हाळ्याचे संबंध अधिक उपयोगी पडतात. ऐंशी वर्षांहून अधिक काळच्या त्या खटाटोपातून जे हाती आले, ते आपल्या जुन्या घरांत दिवेलागणीला रोज घडत असे. देवापुढे दिवा लागे, मुले शुभंकरोती म्हणत, मग पाढे, पावकी, निमकी. म्हातारी माणसे जवळ बसून ऐकत. त्यात लाभ पाठांतराचा होताच, पण त्याहून मोठा लाभ सर्वांनी एका जागी बसण्याचा होता.

जुना काळ जसाच्या तसा परत आणा, असे मी म्हणत नाही. दोन खोल्यांच्या सदनिकेत ओटा कोठून आणावयाचा? पण रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे आणि तेवढा अर्धा तास सर्वांचे भ्रमणध्वनी एका टोपलीत ठेवावेत, हे कोणत्याही घरात होऊ शकते. जेवताना गुण, पैसा आणि नातेवाइकांची उणीदुणी हे तीन विषय वर्ज्य करावेत. प्रत्येकाने दिवसभरातील एक बरी गोष्ट सांगावी. बस वेळेवर आली, कुंडीतील जास्वंदीला कळी आली, एवढी लहानही चालेल. पहिले चार दिवस मुले हसतील. पाचव्या दिवशी तीच आठवण करून देतील.

शेवटी, आपल्या संस्थेला दोन नम्र सूचना करतो. पहिली अशी की, गुणगौरवाच्या समारंभात परीक्षा उत्तीर्ण झालेल्या सर्व मुलांची नावे गुण न सांगता वाचून दाखवावीत आणि घरातील आजारी वा वृद्ध माणसाची सेवा करणाऱ्या एकदोन व्यक्तींचाही सत्कार करावा. दुसरी अशी की, साधेपणाने आणि कर्ज न काढता विवाह करणाऱ्या कुटुंबांचे अभिनंदन या स्मरणिकेत आवर्जून छापावे. आणि याचा आरंभ ज्यांची ऐपत आहे त्यांनी करावा. ऐपत नसलेल्याने साधे लग्न केले तर लोक त्याला नाइलाज म्हणतात. ऐपत असलेल्याने केले म्हणजे त्याची प्रथा होते. ज्ञातीचा धाक वाटण्याऐवजी ज्ञातीचा आधार वाटू लागला, तर आपल्या कितीतरी घरांत आज रात्री दिवे लवकर मालवले जातील आणि माणसे स्वस्थ झोपतील.

 घरी गेल्यावर आपापल्या काळज्यांची यादी जरूर करा, आणि त्यातील पहिली ओळ उद्या सकाळी खोडा, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.