रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, पुढे काय?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



साताऱ्याच्या या शाळेत मी फळ्यापुढे कधी धड बोलू शकले नाही, आणि आज मला अर्धा तास दिला आहे. बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे उच्चार सांभाळूनच बोलते. गेली बरीच वर्षं मी सांगली-मिरजेत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या आतले फोटो बघते. विषय मीच निवडला, कारण आपण सगळ्या आता पंचावन्नच्या आसपास आहोत. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. शंभरातला साधारण एक स्तनाचा कर्करोग पुरुषाला होतो. शिवाय घरात ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य बऱ्याचदा तुमचंच असतं.

मागच्या वर्षी आपल्या ग्रुपवर एकीने लिहिलं, “मॅमोग्राफी नॉर्मल, सुटले बाई!” तुम्ही सगळ्यांनी फुलं पाठवलीत. त्याच रात्री तिचा मला वेगळा मेसेज आला, “पण गाठ हाताला लागते गं.” मी तिला लिहिलं, उद्याच ये. सोनोग्राफी केली, सुईने तुकडा काढून तपासला. कर्करोग निघाला. ती आज या सभागृहात आहे, उपचार संपलेत आणि हे सांगायला तिनेच मला परवानगी दिली आहे. नाव विचारू नका.

मग मॅमोग्राफी चुकीची होती का? तिने तिला दिसलं तेवढं सांगितलं. मॅमोग्राफी म्हणजे स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून काढलेला एक्स-रे. चरबी त्यात काळपट दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो. पंचाईत अशी, की गाठही पांढरीच दिसते. महाबळेश्वरच्या धुक्यात पांढरी गाय शोधून बघा. ज्यांच्या स्तनात ग्रंथी दाट असतात त्यांच्यात गाठ अशी लपते, आणि तरुण वयात हे प्रमाण जास्त असतं. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहाएक वर्षं लवकर दिसतो (आपली लोकसंख्या तरुण आहे हेही एक कारण), म्हणून हा मुद्दा आपल्याला जास्त लागू. दाटपणा हाताला कळत नाही, फोटोतच कळतो. अमेरिकेत २०२४ पासून रिपोर्टबरोबर तो प्रत्येक बाईला कळवणं बंधनकारक आहे. तुम्हीही विचारा.

आता आकडे. गणिताचे सर बसलेत, ते तपासतील. अमेरिकेत २००७ ते २०१३ या काळातल्या सोळा लाखांहून अधिक तपासण्यांचा हिशेब मांडला गेला. काहीही त्रास नसलेल्या १००० बायका तपासल्या, की साधारण ११६ जणींना ‘पुन्हा या’ म्हणावं लागलं. त्यातल्या फक्त पाच जणींना कर्करोग होता. उरलेल्या शंभरावर बायकांनी फुकटची धास्ती घेतली. दुसरीकडे, १०० कर्करोगांतले सुमारे १३ मॅमोग्राफीतून निसटले. म्हणजे बोलावणं आलं तर रडत बसू नये, आणि नॉर्मल आलं तर हाताला लागणारी गाठ विसरू नये. गाठ असेल तर तीन गोष्टी लागतात: डॉक्टरांचा हात, फोटो आणि सुई. तिघांचं एकमेकांशी जुळलं नाही तर मी तरी पेशंटला घरी पाठवत नाही.

सोनोग्राफी जोडली तर फरक पडतो का? जपानमध्ये चाळिशीतल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला. नुसत्या मॅमोग्राफीने १०० पैकी ७७ कर्करोग सापडले, सोनोग्राफी जोडल्यावर ९१. पण खोटे इशारेही वाढले. फुकट काहीच मिळत नाही. एमआरआय सगळ्यात तीक्ष्ण, पण महाग. तो मुख्यतः आई-बहिणींत हा रोग असलेल्या, जनुकीय दोष असलेल्या बायकांसाठी. ‘सरळ पेट स्कॅनच करून टाकू’ असं काही जण म्हणतात. निरोगी बाईत रोग शोधायचं ते साधन नव्हे, बारीक गाठी त्यातून सुटतात. आणि शिबिरांत ‘दाबायचं नाही, दुखत नाही’ म्हणून उष्णतेचे रंगीत फोटो काढतात, ते मॅमोग्राफीच्या जागी चालत नाहीत. माझ्याकडे वाळवा तालुक्यातली एक बाई असा हिरवा-निळा फोटो प्लॅस्टिकमध्ये जपून घेऊन आली होती. तोवर आठ महिने गेले होते.

रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ असं लिहून एक आकडा असतो. त्यावरून घराघरांत गोंधळ होतो. बायरॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे! ४ म्हणजे शंका आहे, तुकडा तपासा. त्यातले बरेच साधे निघतात. ५ म्हणजे दाट शंका. ३ म्हणजे बहुधा साधं, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आणि ० म्हणजे ‘काही नाही’ असं समजून बायका निवांत होतात. प्रत्यक्षात ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो हवेत. १ आणि २ ला घरी जा.

यंत्र नाही तिथे काय, असं आमचे पी.टी.चे सर मघाशी विचारत होते. त्याचं उत्तर मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, नुसत्या हाताने तपासलं. वीस वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. रोग कमी वाढलेला असताना सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत तसा फायदा दिसला नाही, तेही सांगायला हवं. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची अशी हाताने तपासणी आहे. तेव्हा गावाकडच्या वहिनीला, जावेला आरोग्य केंद्रात पाठवा, लाजू देऊ नका.

जेवणानंतर मी जिन्याजवळच्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी रिपोर्ट आणलेत त्यांनी नुसता कागद दाखवू नका, जुन्या फिल्म किंवा सीडी असतील तर त्याही द्या. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवला, की नवीन काय आणि जुनं काय ते मला लगेच कळतं.