फळीवरचा बर्फ

न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल पठाराजवळ माझी मुलगी राहते. हिवाळ्यात तिथं गेलो की मला एक काम असतं. अंगणातल्या पांढऱ्या फळीवर पडलेला बर्फ पट्टीनं मोजायचा, वहीत लिहायचा आणि फळी झाडून पुन्हा ठेवायची. हे सरोवर खोल. सहसा पूर्ण गोठत नाही. थंड वारा त्याच्यावरून येताना ऊब आणि बाष्प उचलतो नि पठाराच्या चढणीवर सगळं ओततो. तेही अरुंद पट्ट्यात! आमच्याकडे गुडघाभर बर्फ, तर काही मैलांवर लख्ख ऊन. म्हणून तिथल्या हवामान खात्याला अंगणाअंगणातले आकडे लागतात.

एका रात्री हौसेनं मी तासातासाला मोजलं. बेरीज भलतीच आली. जावई म्हणाले, "बाबा, २४ तासांत फार तर चारदा मोजायचं." बर्फ आपल्याच वजनानं दबतो, फळी वरचेवर झाडली की आकडा फुगतो. त्याच पठारावरच्या माँटेग्यूत जानेवारी १९९७ मध्ये २४ तासांत ७७ इंच नोंदले गेले होते. पण मोजणी सहा वेळा झालेली, म्हणून राष्ट्रीय विक्रम नाकारला गेला.

मीही माझी बेरीज खोडली. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू?