मातीतील औषध आणि मातीतील उतारा



मृगाची पहिली सर पडून गेली की तापलेल्या जमिनीतून जो सुगंध दरवळतो, त्याला आपण मातीचा वास म्हणतो. वस्तुतः तो बव्हंशी स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या सूक्ष्म जंतूंनी निर्माण केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा असतो. याच कुळातील एका जंतूपासून १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे अल्बर्ट शॅट्झ व सेल्मन वाक्समन यांनी स्ट्रेप्टोमायसिन मिळविले, आणि क्षयरोगावर खरेखुरे गुणकारी औषध मानवाच्या हाती आले. पुढे पुण्याजवळील पिंपरीच्या मातीतूनही हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध लाभले.

आता प्रश्न असा की, जो जंतू इतरांना मारणारे विष तयार करतो, तो स्वतः त्याने का मरत नाही? कारण विषाबरोबर त्याचा उताराही तो बाळगून असतो. कोणी विषात रासायनिक फेरफार करून ते निष्प्रभ करतो, कोणी ते पेशीबाहेर उपसून टाकतो, तर कोणी विषाने जेथे आघात करावयाचा ती जागाच बदलून घेतो. सहवासाने शेजारच्या जंतूंनीही ही विद्या संपादन केली. कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मातीतील ४८० जंतू २१ औषधांवर पारखले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात प्रत्येक जंतू सरासरी सात ते आठ औषधांना दाद देत नाही असे आढळले. २०११ साली तर युकॉन प्रदेशातील तीस हजार वर्षे गोठलेल्या मातीतही हे प्रतिकारक गुण सापडले. तेव्हा वैद्यही नव्हते आणि औषधाची दुकानेही नव्हती!

मग यात मनुष्याचा दोष तो कोणता, असे कोणी विचारील. दोष उतारा निर्माण केल्याचा नाही. तो सर्वत्र पसरविल्याचा आहे. शेतकरी बांधावरून शेजाऱ्याला बियाण्याची मूठ द्यावा, त्याप्रमाणे जंतू प्रतिकाराची जनुके परस्परांना देतात. सेफोटॅक्झिमसारख्या औषधांना निकामी करणारी सीटीएक्स-एम जनुके क्लुव्हेरा या निसर्गात राहणाऱ्या जंतूंकडूनच रोगजंतूंकडे आली. ज्या ठिकाणी औषधाचा अंश सतत झिरपत राहतो, तेथे उतारा नसलेले जंतू मरतात व उतारा असलेल्यांचे फावते.

हैद्राबादनजीक पटनचेरू येथे औषधांच्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडले जाई. त्या शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लोक्सॅसिन असल्याचे २००७ साली उघड झाले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! पुढील तपासणीत तेथील ओढ्याच्या गाळात प्रतिकारक जनुके मोठ्या प्रमाणावर आढळली.

कारखान्याचे पाणी हा शासनाचा विषय खरा. परंतु घरातील औषधाची बाटली हा आपला विषय आहे. पडशासारख्या विकारावर ही औषधे चालत नाहीत; ती वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नयेत, सांगितल्याप्रमाणेच घ्यावीत, आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत. मातीने आपल्याला औषध दिले. त्याची परतफेड म्हणून आपण तिच्या पदरात विष घालावे, हे कृतज्ञतेला धरून नाही, आणि शहाणपणाला तर नाहीच नाही.