दादीला नेमकं काय होतंय?



काही वर्षं मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर होतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. गाडीबरोबर डॉक्टर येतो, पण घरातून माहिती मिळाली नाही तर तोही चाचपडतच असतो. आज वयस्क पेशंटांबद्दल बोलतो, कारण त्यांच्यासाठी फोन बहुतेक वेळा तुम्हीच लावता.

रमजानातली एक दुपार. सत्तरीपुढची दादी. नातू सांगत होता, ‘दादी बडबडतेय, आम्हाला ओळखत नाही.’ घरात कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे लकवा. अंग घामानं भिजलेलं. साखर तपासली, ३८ निघाली. सहेरीला शुगरची गोळी नेहमीसारखी घेतलेली, खाल्ले मात्र दोन घास. शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं दादी उठून बसल्या आणि मलाच विचारू लागल्या, ‘मेरा रोजा टूटा क्या?’

घरचे म्हणाले, आता बरी आहे, दवाखाना नको. कागदावर सही दिली. इफ्तारला दादींनी दोन खजूर खाल्ले. रात्री पुन्हा तोच पत्ता, पुन्हा तीच बडबड. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर दिवसभर राहू शकतो. किडनी मंदावलेली असेल तर अजून लांबतो. दादी वाचल्या. पण दुपारी हे समजावण्यात मी कमी पडलो, हे अजून सलतं. आजारी माणसाला रोज्यातून सूट आहेच. तरी ठेवायचाच असेल, तर रमजानच्या आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या.

म्हातारपणी आजार पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. मधुमेह असलेल्या नानांना छातीत न दुखताही अटॅक येतो. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. न्यूमोनियात ताप नसतोही. कालपर्यंत नीट बोलणारे अब्बा आज भलतंच बोलू लागतात, एवढंच दिसतं. आपण ‘वय झालंय’ म्हणतो आणि दोन दिवस घालवतो. एका दिवसात आलेला गोंधळ वयामुळे येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं, तर जखम दिसली नाही तरी दवाखाना गाठा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर लगेच फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. हे तास माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी उठताना लक्षात आलं, तर रात्रीची वेळ धरतात. म्हणून आम्ही पहिल्यांदा विचारतो, यांच्याशी शेवटचं कोण बोललं होतं?

याचं उत्तर बहुधा गाडीत नसतंच. गाडीत चढतात घरातले दोन पुरुष. गोळ्या रोज हातात देणारी सून दारात उभी राहते. बीपीची गोळी कधी बंद केली, मेडिकलवरून गुडघेदुखीची कुठली आणली, हकीमसाहेबांचं चूर्ण चालू आहे का, हे सगळं तिला ठाऊक असतं. मी विचारलं की पुरुष म्हणतात, ‘लाल रंगाची एक गोळी आहे.’ अहो, लाल रंगाच्या गोळ्या किती असतात!

आज घरी गेल्यावर गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. आणि गाडी आली, तर भाभीला किंवा अम्मीला आधी आत बसवा, औषधांच्या पिशवीसकट.