मोजणीचे दगड



धुऱ्यावरून ज्या गावात कधी तंटा झाला नाही, असे गाव विरळाच. दगड कोणी सरकवला, बांध कोणी नांगरला, यावरून भावाभावांचे बोलणे तुटते. तेव्हा दगडाचे मोल शेतकरी बांधवांना मी काय सांगावे? हद्दीच्या दगडाला बाजारात कोणी कवडी देणार नाही. पण तो जागेवर आहे तोवर साक्षीदार आहे. जागेवरून हलला की नुसता धोंडा.

आज अशाच काही साक्षीदारांची ओळख करून घेऊ. हे दगड एका शेताचे नव्हेत, साऱ्या देशाच्या मोजणीचे आहेत.

नागपूरला गेलात तर विधानभवनाजवळचा झिरो माईलचा खांब अवश्य पाहा. १९०७ सालचा हा वालुकाश्माचा खांब. त्याच्या सहा बाजूंच्या चौथऱ्यावर गावांची अंतरे कोरली आहेत : हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल, अशी. भारताचा मध्यबिंदू म्हणून लोक त्याच्याकडे बोट दाखवतात. पण मोजणीदाराला तिथे मोलाची वाटते ती उंची. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी ती नोंदलेली आहे.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे आणि नागपूर कुठे! मग फुटाच्या हजाराव्या भागापर्यंतचा हा आकडा आला कसा?

तो आला पायी चालत. समुद्राचे पाणी भरती-ओहोटीने सारखे वरखाली होते. म्हणून मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांत पाण्याची उंची वर्षानुवर्षे टिपून तिची सरासरी काढली. तीच समुद्रसपाटी. तिथून मोजणीदार आत निघाले. मध्ये दुर्बिणीचे सपाटी यंत्र, त्यात आपल्या गवंड्याकडे असते तशी पाणसळ. मागे एक काठी, पुढे एक काठी. दोन्ही काठ्यांवरचे आकडे वाचायचे, वजाबाकी करायची आणि पुढे सरकायचे. वाटेत पक्क्या जागी दगडावर खूण कोरायची. हे काम १८५८ साली सुरू झाले आणि देशभरच्या या पहिल्या जाळ्याचा हिशेब १९०९ साली पुरा झाला. या खुणांना तलचिन्हे म्हणतात, बोलण्यात बेंचमार्क.

ही झाली उंचीची मोजणी. अंतराची मोजणी त्याहून जुनी. १८०२ साली कर्नल विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पहिली आधाररेषा साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोण रचीत ते उत्तरेकडे निघाले. त्यांचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. नागपूरकडे येत असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला. वर्धा जिल्ह्यातल्या या गावी त्यांचे थडगे आहे. अपुरे राहिलेले काम त्यांच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले.

याचा आपल्याला उपयोग काय? कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचायचे तर उतार बरोबर हवा. पुलाची उंची, तलावाचा सांडवा, पुराची रेषा, सारे याच उंचीवर ठरते. आता उपग्रहावरून जागा चटकन कळते, हे खरे. पण उपग्रह जी उंची सांगतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची. पाणी कुठे वाहील हे ठरवायला समुद्रसपाटीशी मेळ घालावा लागतो आणि त्या कामी हे जुने दगड अजून कामी येतात.

पण रस्ता रुंद होतो, जुना पूल पडतो, आवाराला फरशी बसते, आणि खूण असलेला दगड मुरमाबरोबर भरावात जातो. तोच दगड उचलून पलीकडे नेऊन बसवला, तर काम आणखी बिघडते. कारण मग तो खोटी साक्ष देऊ लागतो!

शेताच्या हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी १९६६ च्या जमीन महसूल संहितेने जमीनधारकावर टाकली आहे. या सरकारी दगडांजवळ मात्र रोज पहारेकरी उभा नसतो. त्यांचा राखणदार गावच.

गुरुजनांना एक विनंती. मुलांना घेऊन जवळच्या रेल्वे स्टेशनवर जा. तिथल्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वहीत उतरवून घ्या. मग जुने पूल, डाकबंगल्याच्या पायऱ्या, सरकारी इमारतींचे जोते पाहा. इंग्रजी जी. टी. एस., खाली लहानसा चौकोन, त्याखाली बी. एम. अशी खूण दिसली, तर जागा लिहून ठेवा, दगडाला हात लावू नका. आणि तिथे कामाला कुदळ पडणार असे कळले, तर ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला आधी सांगा.

शेजाऱ्याच्या बांधाचा दगड हलवू नये, हे आपण मुलांना शिकवतोच. त्या पाठात हा एक दगड अधिक घालू या.